खाली गाडी, भरी गाडी

मी बारीक झालो आणि आमच्या घरी केळी यायला लागली. आधी डझनभर, मग अख्खा घडच. भावकीतलं कोणी ना कोणी संध्याकाळी यायचं, पिशवी ओट्यावर ठेवायचं आणि माझ्याकडे न बघता माझ्या बायकोला विचारायचं, "मग, काय बोलतायत डॉक्टर?" मी समोर धडधाकट उभा, आणि माझ्याच तब्येतीची चौकशी दबक्या आवाजात दुसऱ्याकडे. एकदा आत्या आली ती शहाळी घेऊन. केळ्यांचं एक वेळ ठीक, पण शहाळं आलं की माणसाचं काही खरं नाही असं आमच्याकडे समजतात. मला राग आला. तिच्या देखत मी तांदळाची गोण उचलून आत नेऊन ठेवली. आत्या पदराने डोळे पुसत म्हणाली, "इझताना दिवा मोठाच व्हतो गो बाय." आणि आईच्या गळ्यात पडली.

आमचं घर शेलारला. पूर्वी आमचं भात जिथे पिकायचं तिथे आता गोदामं आहेत, आणि त्यांत कोणाकोणाचे टीव्ही, चपला, साबण भरलेले असतात. रस्त्याकडेच्या तुकड्यावर वडिलांनी ट्रकांचा वजनकाटा टाकला होता. ट्रक रिकामा येतो, लोखंडी प्लॅटफॉर्मवर उभा राहतो, ती 'खाली गाडी'. माल भरून परत येतो, ती 'भरी गाडी'. भरीतून खाली वजा केली की माल किती ते कळतं. एवढंच आमचं शास्त्र आणि त्यावर आमचं घर चालतं. वडिलांच्या मागे केबिनमधल्या त्यांच्या खुर्चीत मी बसलो तो बसलोच. समोरच्या टपरीवरून भजी यायची, घरून डबा यायचा, ड्रायव्हर गावाहून येताना पेढे आणायचे. समोर गाड्या भरत होत्या, खाली होत होत्या. मी नुसताच भरत होतो.

दसऱ्याला आम्ही काट्याची पूजा करतो. आई चपला बाहेर काढून, अनवाणी प्लॅटफॉर्मवर चढते, हळदकुंकू वाहते, झेंडूची माळ घालते, नारळ फोडते. चार पोती झेंडू त्या एका दिवशी जातो. अशाच एका दसऱ्याला मी गंमत म्हणून प्लॅटफॉर्मवर उभा राहिलो. केबिनवरच्या बोर्डावर लाल आकडे उमटले, एकशे वीस. सगळे हसले. आईने मात्र आरतीचं ताट माझ्यावरून ओवाळलं आणि माझ्या कानशिलावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. पोराचं सोनं झालं असं तिला वाटलं असावं.

त्याच आकड्यांवर धामणकर नाक्याजवळच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. साखर वाढली होती, गुडघे बोलत होते. वडिलांचं काय झालं होतं म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, हेच. आधी पायाचा अंगठा गेला, मग पाऊल, मग वडील. वडील आमच्या डोळ्यांदेखत तुकड्यातुकड्याने गेले होते आणि मी त्यांच्याच खुर्चीत बसून भजी खात होतो. त्या दिवशी मी खरोखर घाबरलो, आणि घाबरलेला माणूस काहीही करू शकतो. मी भात कमी केला. भाकरी अर्ध्यावर आणली. पहाटे गोदामांच्या गल्ल्यांतून, दात घासणाऱ्या ड्रायव्हरांच्या आणि भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या मधून चालायला लागलो. दीड-दोन वर्षांत ऐंशीवर आलो. डॉक्टर म्हणाले, "उतरवलंत, उत्तम. आता खरं काम पुढे आहे. हे राखायचं."

राखणं मला नवं नव्हतं. लहानपणी भात पिकलं की आम्ही पाखरं राखायला बांधावर बसायचो. आरडाओरडा करायचा, रिकामा डबा वाजवायचा, पाखरं उडायची. इथे पाखरं म्हणजे माझे काका, माम्या, मेहुणे. डबा वाजवून ती जात नव्हती, उलट भरलेला डबा घेऊनच येत होती.

गावात माझ्याबद्दल तीन मतं होती. एक, मला मोठा आजार आहे आणि मी लपवतोय. दोन, नारपोलीला माझं बाहेर प्रकरण आहे आणि त्या बाईने मला झिजवलंय. तीन, कोणीतरी करणी केली आहे. माणूस डोकं ठिकाणावर असताना, पैसा असताना, घरात मटण शिजत असताना आपण होऊन कमी खातो, हे चौथं मत कोणाच्याच डोक्यात शिरेना. आमच्या काट्यावर बसणारा ऑपरेटर आधी नारपोलीला कापडाच्या लूमवर कामाला होता, त्यालाही मी समजावून बघितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मालिक, एक बार दरगाह पे चलो."

आईने मात्र कुठलंच मत दिलं नाही. ती कामाला लागली. माझ्या वरणात तळाशी तूप सापडायचं. अर्ध्या भाकरीच्या घडीत दुसरी अर्धी निघायची. मी नुसता जवळा मागितला तर जवळ्याखाली वडे दडवलेले असायचे. मी ओरडलो की ती कानाला हात लावायची, "मी कशाला घालू? वाटीच तुपाची आसंल." सहा महिने आमची अशी लपाछपी चालली. आणि मग एके दिवशी सगळं थांबलं. वरणात वरण, भाकरीत भाकरी. आई हरली असं समजून मी खुश झालो. बायकोला म्हटलं, "बघ, म्हातारीला शेवटी पटलं."

बायको म्हणाली, "अहो, तुम्ही आईंच्या ताटात बघितलंत का कधी?"

आईच्या ताटात तांदूळ नव्हता. भात नाही, तांदळाची भाकरी नाही, घावन नाही. दोन फोडी बटाट्याच्या, चमचाभर डाळ, चहा. आमच्याकडे तांदूळ न खाणं म्हणजे न जेवणं. बायकोने खोदून विचारलं तेव्हा कळलं, आईने गावदेवीला नवस केला होता. पोराचं अंग पूर्वीसारखं भरू दे, त्याच्या वजनाचा गूळ वाहीन, आणि तोवर तांदूळ तोंडात घालणार नाही. पूर्वीसारखं म्हणजे किती तेही तिने देवीला नीट सांगितलं होतं. आपल्या काट्यावर एकशे वीस. देवीने उजवा कौल देऊन होकारही दिला होता.

मी आईसमोर जाऊन बसलो. साखर म्हणजे काय, गुडघे म्हणजे काय, सगळं परत पहिल्यापासून सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. आमच्यासाठी.

"आई, मी आजारी नाही. मी बरा झालोय."

"तुजा बाप पन पयला बारीकच झालता," ती म्हणाली.

खरं होतं. जाण्याआधी वडील वाळत गेले होते. लोक म्हणायचे, बरं झालं, अंग हलकं झालं. तिने एकदा फसून बघितलं होतं, आता ती पुन्हा फसणार नव्हती. मला तिचा राग आला आणि त्याच वेळी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं. यातलं काहीच न करता मी उठून काट्यावर गेलो.

आता हिशेब असा झाला. मी वजन राखलं तर आई उपाशी. आईला जेवू घालायचं तर मला चाळीस किलो परत चढवायचे, म्हणजे आधी अंगठा, मग पाऊल.

मी आधी सोपा मार्ग काढला. काटा तपासायला आमच्याकडे लोखंडाची वीस-वीस किलोची वजनं असतात. त्यातली दोन पिशव्यांत घालून मी रेनकोटाच्या आत खांद्यांवरून टांगली आणि आईला म्हटलं, बघ, आज किती भरतो ते. बाहेर एप्रिलचं कडक ऊन. मी रेनकोटात, वाकून, तोंड लाल करून प्लॅटफॉर्मवर चढलो. बोर्डावर एकशे वीस आले. ऑपरेटरने टाळी वाजवली. आईने बोर्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "पिशव्या खाली ठेव. लोखंड काय पोटात जातंय?"

मग आला चुलत बहिणीच्या मुलीचा साखरपुडा. आमच्या एका रिकाम्या गोदामातच मांडव होता, म्हणजे काट्यापासून हाकेच्या अंतरावर. आईने सकाळीच जाहीर केलं की जेवणाआधी एकदा आणि जेवणानंतर एकदा माझं वजन होईल. मला वाटलं ती गंमत करते आहे. पण मोठे काका उभे राहिले, म्हणाले, बरोबर हाय, माल किती चढला ते कसं समजंल? आणि अख्खी वऱ्हाडी मंडळी नवरा-नवरीला सोडून माझ्यामागून काट्यावर आली. ऑपरेटरने रिवाजाप्रमाणे पुकारा केला, "खाली गाडी!" ऐंशी. कॉम्प्युटर मालाचं नाव मागत होता. त्याने क्षणभर विचार करून 'मालिक' असं टाकलं.

मग मला पंगतीत बसवलं. वडे, मटण, कोलंबीचा रस्सा, पुन्हा वडे. एका काकाने वाढलं म्हणून दुसरा रागावला, दुसऱ्याचं राहिलं म्हणून तिसऱ्याने हातातलं भांडंच माझ्या ताटात पालथं केलं. मी जमेल तेवढं चुकवलं. दोन वडे शेजारच्या मेहुण्याच्या पानात सरकवले. तरी जेवलोच, आणि वर तीन तांबे पाणी प्यालो, कारण मटण तिखट होतं. पुन्हा वरात काट्यावर. "भरी गाडी!"

नव्वद.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमचा काटा ट्रकांसाठी आहे. तो दहा-दहाच्या उडीनेच मोजतो. मधलं त्याला काही दिसत नाही. चौऱ्याऐंशीला तो ऐंशी म्हणतो आणि शहाऐंशीला नव्वद. त्या दिवशी मी उडीच्या काठावर होतो आणि वड्यांनी, पाण्याने मला पलीकडे ढकललं, एवढंच. मी ओरडून ओरडून हे सांगितलं. जरासा भार पडला की दहा चढतात, दहा किलो खरे नाहीत ते! पण काट्याभोवती जल्लोष चालू होता. एका जेवणात दहा किलो! कोणीतरी बँजोवाल्यांना खूण केली. साखरपुड्याला आलेला मुलाकडचा एक पाहुणा मला भेटून हात मिळवून गेला. मोठ्या काकांनी बोटांवर मोजून जाहीर केलं की अजून फक्त तीन जेवणं, की एकशे वीस पुरे. पुढचं जेवण कोणाकडे यावरून दोन काकांत वाद लागला, आणि ते आजही एकमेकांशी नीट बोलत नाहीत.

गर्दीत मी आईकडे पाहिलं. ती बाजूला उभी होती. कित्येक महिन्यांनी ती हसत होती. म्हणून मी ती जेवणं जेवलो. मोठ्या काकांकडे, धाकट्या काकांकडे, मग आत्याकडे, जिने मटणाबरोबर शहाळंही ठेवलं होतं. मला समजत होतं की हा मूर्खपणा आहे. आईसाठी मूर्ख व्हायला मला लाज वाटली नाही.

आणि रोज सकाळी काटा पुन्हा ऐंशी दाखवायचा. गावात हलकल्लोळ झाला. दिवसा चढलेले दहा किलो रात्रीत जातात कुठे? करणीवाल्यांचं मत एकदम जोरात आलं. काहींनी माझ्या बायकोकडे संशयाने पाहिलं, जणू ती माझे दहा किलो माहेरी पोचवते. बायको भडकली. म्हणाली, "तुमच्या काट्याला आणि तुमच्या भावकीला एकाच दोरीत बांधून खाडीत सोडा." तिकडे साखर तपासायला गेलो तर डॉक्टरांनी रिपोर्ट बघून चष्मा काढून ठेवला आणि मला असं काही सुनावलं की बाहेरचा कंपाउंडर आत डोकावला. एवढं करून राखलेलं तुम्ही चार पंगतींत उधळलंत, म्हणाले, अंगठा नकोसा झालाय का? मी घरी आलो आणि जेवणं बंद केली. काका रागावले, आत्या रडली. केळी पुन्हा सुरू झाली. आई मात्र अजून जेवत नव्हती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारची वेळ. माझा डबा घेऊन आई काट्यावर आली. मोठा स्टीलचा डबा आणि पाण्याची बाटली. केबिनची एकच पायरी चढताना तिने भिंत धरली. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या आणि तिथे खुळखुळल्या. पूर्वी त्या मनगटाच्या वर जात नसत. साबण लावूनही निघत नसत.

माझ्या डोक्यात एक युक्ती आली. खरं तर लबाडीच. डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी आईचं वजन केलं होतं तेव्हा ती चाळीस भरली होती. मी ऐंशी. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "आई, चल. आज आपण दोघं उभं राहू. देवीला एकशे वीस दिसतील, नवस फिटला." ती कुरकुरली, पण आली. काट्यावर ती चपला घालून कधी चढत नाही. तिने चपला काढल्या, डबा आणि बाटली त्यांच्याशेजारी जमिनीवर ठेवली आणि माझ्या हाताला धरून प्लॅटफॉर्मवर चढली. मागे कापडाच्या ताग्यांनी भरलेला ट्रक वजनासाठी थांबला होता. त्याने हॉर्न वाजवला.

बोर्डावर एकशे दहा आले.

"दहा कमी हायेत," आई म्हणाली.

मी खाली उतरलो. प्लॅटफॉर्मवर आई एकटी, तीस टन तोलणाऱ्या त्या लोखंडाच्या मधोमध, पिवळ्या पातळात. बोर्डावर तीस. ऑपरेटर केबिनमधून हळूच म्हणाला, "तीस, माँजी." आईने मान वर करून तो आकडा बराच वेळ पाहिला. ती शाळेत गेली नाही, पण त्या बोर्डावरचे आकडे तिला सगळ्यांच्या आधी वाचता येतात.

मला रडू फुटलं. हॉर्न चालू होता आणि मी ड्रायव्हरसमोर, ऑपरेटरसमोर, टपरीवाल्यासमोर उभा राहून रडत होतो. "आई, बारीक तू झालीस," मी म्हणालो. "बाबांसारखी तू झालीस. मी न्हाय."

ट्रकने पुन्हा हॉर्न दिला. आई वळली आणि ओरडली, "थांब रं मेल्या! वजन चाललंय, दिसत न्हाय का?" ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

मग आईने मला बोलावलं. "चढ वर. आनि तो डबा आन. बाटली पन आन."

"कशाला?"

"तूच बोल्लास ना साखरपुड्याला, जरासा भार पडला की दहा चढतात? आन."

सगळा गाव नाचत होता तेव्हा तिने एकटीने ऐकलं होतं. मी डबा आणि बाटली घेऊन तिच्याशेजारी चढलो. आकडे क्षणभर चाळवले आणि एकशे वीसवर थांबले.

"आई, लोखंड चालत नव्हतं ना तुला?" डोळे पुसत मी विचारलं.

"लोखंड पोटात जात न्हाय. ह्यो जातो." ती खाली मांडी घालून बसली, थेट प्लॅटफॉर्मवर, आणि डबा उघडायला लागली. "आनि मी काय परकी हाय? तू माज्याच अंगातला. कुनाचं पन भरलं तरी आपलंच." देवीशी तिने हे परस्पर ठरवून टाकलं होतं. मी मध्ये पडलो नाही.

डब्यात माझी अर्धी भाकरी होती आणि कोलंबीचं सुकं. त्याखाली, माझी नजर चुकवून, आणखी दोन अख्ख्या भाकऱ्या. म्हणजे तिने अजूनही आशा सोडली नव्हती. तिने वरची अर्धी बाजूला ठेवली, अख्खीचा तुकडा मोडला, डोळ्यांना लावला आणि तोंडात घातला. चावताना तिचे डोळे मिटले होते. ऑपरेटरने सवयीने बटण दाबून पावती काढली. ड्रायव्हर ट्रकच्या सावलीत जाऊन बसला. आई जेवत होती, डबा हलका होत होता, आणि बोर्डावरचे एकशे वीस जागचे हलत नव्हते.

तिचं होत आलं तसा मी दुसऱ्या अख्ख्या भाकरीला हात घातला. भूक मलाही लागली होती. आईने माझ्या हातावर चापट मारली, ती भाकरी स्वतःकडे ओढली आणि बाजूला ठेवलेली अर्धी माझ्यापुढे सरकवली.

"तुजी ही," ती म्हणाली. "अर्धीच खा. राखायचंय तुला."